आईची कापरी रेघ

माझी ताई कॉम्प्युटरवर चित्रं काढायची असं मी हल्ली कुणाला सांगितलं, की समोरचा पटकन म्हणतो, "हो का? आमची नातसुद्धा काढते." मग माझं डोकं फिरतं. अहो, तुमची नात माऊस धरून रंग ओतते. माझ्या ताईच्या वेळी त्या यंत्राला चित्र म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं, बस्स. रेघ कुठून निघणार, कुठे वळणार, कुठे थांबणार हे सगळं आकड्यांत लिहून द्यावं लागायचं. एक आकडा चुकला की कमळाची पाकळी कागदाबाहेर निघून जायची. तरी ही बाई वर्षानुवर्षं तेच करत बसली आणि तिचं नाव आज कुणाला माहीत नाही. मला त्याचा राग येतो. मी तिची धाकटी बहीण आहे म्हणून नव्हे, मी ती चित्रं पाहिलीत म्हणून.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. ठाण्यात नौपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यात आम्ही तिघी: आई, ताई आणि मी. बाबा मी शाळेत असतानाच गेले. ताई वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. टाक्या, पाइप, त्यांचे सांधे यांची ड्रॉइंग्ज करायची. पुढे कंपनीने कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्या जोडीला प्लॉटर. प्लॉटर म्हणजे टेबलाएवढं एक यंत्र. त्यावर कागद ठेवायचा आणि एक धातूचा हात पेन धरून आपला आपण रेघा मारायचा. ऑफिसातल्या जुन्या पुरुषमंडळींनी त्याला हात लावायचं टाळलं. बिघडलं तर कोण बोलणी खाणार! म्हणून ते ताईच्या गळ्यात पडलं, आणि ताई त्याच्या प्रेमात पडली.

कंपनीचं काम संपलं की शनिवारी दुपारनंतर तिला त्या यंत्रावर स्वतःचं काही करायची परवानगी होती. साहेब म्हणाले होते, "कागद मात्र रद्दीतला घ्यायचा." म्हणजे तिची पहिली सगळी चित्रं फसलेल्या ड्रॉइंग्जच्या पाठीवर आहेत. होती म्हणायला हवं.

आणि काढायची काय, तर रांगोळ्या. ठिपक्यांच्या. दुसरं काय काढणार? आमच्या घरात चित्र म्हणून आम्ही दुसरं काही पाहिलंच नव्हतं. आमची आई रांगोळीत नावाजलेली. नौपाड्यात कुणाकडे मंगळागौर असो, मुंज असो, आईला बोलावणं ठरलेलं. चिमटीतून रांगोळी सोडायची तर रेघ अशी एकसारखी यायची की बघणारी माणसं चप्पल हातात धरून कडेकडेने जायची. ताई म्हणायची, "अगं, आई काय करते माहितीये? आधी ठिपके, मग नियम, मग रेघ. म्हणजे हा प्रोग्रॅमच झाला की!" मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी शिवणकाम करायचे, ब्लाउज आणि फ्रॉक. पण कागदी बेतावरून कापड कापतात तसं काहीतरी असावं, इतपत अंदाज बांधला होता.

आईला मात्र हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. ताईने मोठ्या हौसेने पहिला कागद घरी आणला. तेरा ठिपक्यांचं कमळ होतं, एकदम नेटकं. आईने ते हातातसुद्धा घेतलं नाही. पोळी लाटता लाटता मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "मेलेली आहे ही रेघ."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे मेलेली. हिला हात लागलेला नाही कुणाचा."

ताईचं तोंड एवढंसं झालं. मी आईवर खेकसले, "अगं, जरा बरं तरी म्हण की!" त्यावर आई म्हणाली, "बरं असतं तर म्हटलं असतं." आमची आई ही अशी होती. तिचं कौतुक मिळवायला आख्खा जन्म गेला असता, आणि ताईला तेच हवं होतं. जगाने वाहवा केली असती तरी तिचं समाधान झालं नसतं. तिला आईकडून एकदा ऐकायचं होतं, बाकी काही नाही.

मग ती त्या मेलेल्या रेघेच्या मागे लागली. यंत्राला मनाला येतील ते आकडे निवडायला लावता येतात म्हणे. तसं करून तिने रेघ मुद्दाम जराशी इकडेतिकडे हलवली. तो कागद आणला तर आई म्हणाली, "ही तर प्यायलेली आहे." ताईला त्या दिवशी हसू आलं, नशीब. म्हणाली, "मेली होती ती निदान प्यायला तरी लागली." आणि परत पुढच्या शनिवारी बसली.

त्याच सुमाराला आईचा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग सुईत दोरा जाईना, आणि मग एका सकाळी दारातली रांगोळी वाकडी आली. आईने पायाने पुसून टाकली. परत काढली, परत वाकडी. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, वाढत जाईल.  आई रोज पहाटे उठून दारात रांगोळी मात्र काढत राहिली, कशीही येवो. शेजारणी बघून न बघितल्यासारखं करायच्या आणि ते आईला कळायचं.

आणि ताई काय करायची, तर ऑफिसला निघताना दारात उकिडवी बसायची. मांडीवर आलेखाचा कागद, हातात पेन्सिल. आईची रेघ ठिपक्यापासून कुठे सुटली, किती सुटली, कुठे परत वळली, हे सगळं टिपून घ्यायची. एका ठिपक्याशी हात अडखळायचा, मग रेघेच्या मध्यावर तीन-चार बारीक झटके, आणि पुढच्या ठिपक्याजवळ येताना आई दम धरून हात ओढायची, तिथे रेघ पुन्हा सरळ. ताईने ते सगळं पाहिलं होतं. मी त्या रांगोळीवरून रोज जायचे-यायचे, मला नुसती वाकडी रेघ दिसायची.

आईने तिला एक दिवस पकडलं. ते भांडण मी विसरणं शक्य नाही. "माझ्या हाताची थट्टा करतेस?" आई ओरडली. आई एरवी ओरडायची नाही, तोडून बोलायची, पण त्या दिवशी जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं. ताई सांगत होती, "थट्टा नाही गं, मला ती रेघ हवीये." आईने ऐकलं नाही. कपाटातले ते सगळे आलेखाचे कागद बाहेर ओढले आणि बंबात घातले. त्या दिवशी आमच्या आंघोळीचं पाणी त्या कागदांवर तापलं. ताई आंघोळ न करताच ऑफिसला गेली.

पण तोवर आकडे यंत्रात चढले होते. फ्लॉप्यांवर होते ते. हल्लीच्या मुलांनी फ्लॉपी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. तळहाताहून मोठी, चौकोनी, काळी, पातळ चकती. कागदी पाकिटात ठेवायची. पाकिटातून काढली की खालच्या अंगाला बोटभर लांबीची एक खाच दिसायची आणि खाचेतून आतली तपकिरी तबकडी. यंत्र त्या खाचेतूनच वाचायचं. तिथे बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, धूळ बसू द्यायची नाही. कंपनीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा असायची, घरच्यांनाही बोलवायचे. मी जायचे, आई कधी आली नाही. तिथे ताई कॉम्प्युटरसमोर पोलिसासारखी उभी असायची. "कुंकू इथे, बाजूच्या पत्र्यावर. एकच टिकली. उदबत्ती लांब. नारळ बाहेर जाऊन फोडा." साहेबांनासुद्धा तिने एकदा मागे सारलेलं मी पाहिलंय.

असेच महिने गेले. मग एका शनिवारी ताई संध्याकाळी एक गुंडाळी घेऊन आली आणि ओट्याशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवली. दाखवायची हिंमत नव्हती. आईनेच ती उलगडली. लाल शाईतलं मोठं कमळ होतं, ठिपक्याठिपक्यातून गेलेलं. सगळी रेघ बारीक कापत होती, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी दम धरून सरळ होत होती.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही मी कधी काढली?"

 मी म्हटलं, "आई, ही तू नाही काढलीस. ताईच्या यंत्राने काढलीये."

"काहीतरीच काय? माझी रेघ मला कळत नाही का?" आणि मग तिला कळलं. कागदावरून थरथरतं बोट फिरवत ती ठिपक्यामागून ठिपक्यावर गेली. शेवटी म्हणाली, "चांगली आलीये." एवढंच. ताई स्वयंपाकघरात खाली बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात! आईने आम्हा दोघींना म्हटलं, "रडताय काय मेल्यांनो, पानं घ्या."

पुढचं सगळं भराभर झालं. मुंबईत चित्रांचं एक दालन चालवणारे कुणी गृहस्थ कंपनीच्या साहेबांच्या ओळखीचे होते. त्यांनी ताईचे कागद पाहिले. म्हणाले, हे आपल्याकडे कुणी करत नाही, आपण भिंतीएवढी चित्रं काढून प्रदर्शन लावू, दिवाळीनंतर. मोठा प्लॉटर त्यांच्या ओळखीत होता. ताईने फक्त फ्लॉप्या घेऊन यायच्या. ताईने सगळ्या फ्लॉप्या घरी आणल्या, कारण ऑफिसात ठेवल्या की कुणीतरी त्यांच्यावर पगारपत्रक चढवायचा. मूळ संच आणि नक्कल, दोन्ही एका प्लॅस्टिकच्या डब्यात, देवघराच्या वरच्या फळीवर. दसरा झाला की सोमवारी मुंबईला न्यायच्या होत्या.

आईने प्रदर्शनासाठी टेंभी नाक्याच्या देवीला ओटी बोलली होती. आमच्या आईने! तिच्याच्याने आता रांगेत उभं राहवत नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी तिने ताईला खण-नारळ देऊन पिटाळलं, "देवी उठायच्या आत भरून ये." मी पुऱ्या तळत होते. बाहेरच्या खोलीत आई पाटावर पूजा मांडत होती. दरवर्षीचंच होतं ते. पाटीवर काढलेली सरस्वती, बाबांचा पाना, माझी कात्री, विळी, झेंडूची फुलं. मी आतूनच विचारलं, "झालं का गं?" तर म्हणाली, "थांब, अजून ताईचं राहिलंय." मला वाटलं, ताईची पट्टी नाहीतर कंपास.

ताई परत आली तेव्हा हातात प्रसादाचा नारळ होता, केसात फूल होतं. दारातच थांबली. मी पुरणाचं... नाही, श्रीखंडाचं पातेलं घेऊन बाहेर आले होते, म्हणून मी सगळं पाहिलं. पाटावर त्या काळ्या चकत्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्या पाकिटांतून बाहेर काढलेल्या. पाकिटाला कुठे कुंकू लावायचं असतं, वस्तूला लावायचं! आणि प्रत्येकीच्या त्या खाचेत, तोंडाशी, हळद आणि कुंकू. आईच्या बोटात टिकली मावत नव्हती, हात हलून सांडत होतं, म्हणून तिने बोट पाण्यात बुडवून दाबून दाबून लावलं होतं. वर अक्षता.

"बघ," आई म्हणाली. तिचा चेहरा काय फुलला होता! "एकीलाही सोडलं नाही हो. दोन्हीकडच्या सगळ्या घेतल्या."

ताईने हातातला नारळ हळूच खाली ठेवला. मग चप्पल काढली, आत आली, गुडघे टेकून पाटाला नमस्कार केला. मग आईला केला. आईने तिच्या हातात आपट्याचं पान दिलं, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." ताई म्हणाली, "हो आई." आणि न्हाणीत गेली. नळ कितीतरी वेळ वाहत होता.

दुपारी तिने मला गच्चीत नेऊन सांगितलं. टेंभी नाक्याकडून ताशे ऐकू येत होते. मला धड कळेना. "म्हणजे पुसून घेतलं की होईल ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही होणार." मग म्हणाली, "आईला सांगायचं नाही."

"का नाही? सांगायला हवं! निदान..."

"तिने आज पहिल्यांदा माझ्या कामाला हात जोडले गं. मी तिला काय सांगू?"

तिने खटपट केली नाही असं नाही. एकेका चकतीचं वेष्टन कात्रीने उघडून आतली तबकडी पाण्याने धुतली, सावलीत वाळवली, दुसऱ्या वेष्टनात घातली. यंत्रात टाकली की खर्र आवाज यायचा. कुंकवाच्या बारीक कणांनी ओरखडे गेले होते, त्यात यंत्रही बिघडलं आणि तिला ऑफिसात बोलणी बसली. एकदोन फ्लॉप्यांवरून तुकडे निघाले. पण आईच्या हाताचे आकडे होते ते काही निघाले नाहीत, आणि त्यांचे कागद तर बंबात गेलेले. मुंबईच्या गृहस्थांना तिने कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन केला. ते वैतागले, "तयार झालं की कळवा" म्हणाले, आणि संपलं. आईला सांगितलं, प्रदर्शन पुढे गेलं. आई कित्येक वर्षं त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती, "मेल्याला दाखवायची अक्कल नाही." ताई गप्प ऐकायची. मी जेवणावरून उठून जायचे.

परत मोजून घे म्हणून मी तिच्या मागे लागले होते. त्या एका लाल कमळावरून सगळा हात मोजता येत नाही, म्हणाली; आईचीच रेघ हवी. पण आईला गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि तो पहिला कंप गेला होता. आता हात वेगळाच हलायचा, मोठ्या हेलकाव्यांनी. शिवाय आईला परत काढायला सांगायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. मग कंपनीत नवे कॉम्प्युटर आले. त्यांना पाइप कसा काढायचा हे शिकवावं लागत नव्हतं, सगळं तयारच होतं. जुनं यंत्र भंगारात गेलं. ताईचे रद्दीच्या पाठीवरचे कागदही ऑफिसच्या साफसफाईत गेले. उरला तो आईने ठेवलेला एकच. ताईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मला त्याचाच राग यायचा, अजून येतो. थोडी तरी ओरडायचीस ना गं!

दरवर्षी दसऱ्याला आई तो डबा काढायची, आणि ताई स्वतः एकेक फ्लॉपी पाकिटातून काढून तिच्यापुढे ठेवायची. आई कुंकू लावायची. आता काय बिघडायचं होतं त्यांचं!

मग ताईला पोटाचं दुखणं निघालं. निघालं तेच शेवटच्या टप्प्यावर. तोवर माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले होते. रोज ठाण्याला जायचे, डबा घेऊन. शेवटच्या दसऱ्याला तिला उठवत नव्हतं, तर तिने मला खुणेने सांगितलं, डबा काढ. मी फ्लॉप्या काढून आईपुढे ठेवल्या. ताई गादीवरून बघत होती. आई पूजा करून स्वयंपाकघरात गेली तेव्हा ताईने माझा हात धरला. "सांगू नकोस हं," म्हणाली. मी म्हटलं, "नाही सांगत." दिवाळीच्या आत ती गेली. चाळिशीही पुरती झाली नव्हती तिची.

आई माझ्याकडे डोंबिवलीला आली. तिच्या ट्रंकेत चार लुगडी, बाबांचा पाना, ताईचं ते लाल कमळ आणि तो प्लॅस्टिकचा डबा. दसरा आला की डबा बाहेर. मी दात आवळून पाकिटं उघडायचे. ती म्हणायची, "ह्यांच्यात माझी ताई आहे." तिच्या तोंडून ते ऐकलं की मला पाटापुढून उठून जावंसं वाटायचं, पण उठता येत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या ह्यांनी घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा होता. त्याच सकाळी जोडून देणारा माणूस खोकी घेऊन आला. वायरी लावल्या, पडदा उजळला. आई लुगड्याचा पदर खोचून, हळदकुंकवाचा करंडा घेऊन, माझ्या हाताला धरून तिथवर आली. खूश होती. म्हणाली, "ताईचं यंत्र आलं आपल्याकडे. आता त्या चकत्या घालून मला तिची चित्रं दाखव."  मी म्हटलं, "आई, ह्याला त्या मोठ्या चकत्या बसत नाहीत, ह्याची फट लहान आहे." ते खरंही होतं. म्हटलं, सुटले. आई म्हणाली, "बरं, मग निदान पूजा करते," आणि कुंकवाचं बोट तिने थेट त्या फटीकडे नेलं.

"अहो आजी, आजी! तिथे नको!" तो माणूस ओरडला. बिचारा चांगलाच होता, हसत सांगत होता. "इकडे बाजूला पत्र्यावर लावा. तिथून आत कुंकू गेलं ना, तर फ्लॉपी खलास. सगळं पुसलं जातं. काही परत मिळत नाही."

आईचं बोट तिथेच थांबलं. नुसतं हलत होतं. तिने त्या माणसाकडे पाहिलं, मग पाटाकडे. तिथे ताईच्या फ्लॉप्या मांडल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या कुंकवाने खाचा लाल झालेल्या.  आईने मग कॉम्प्युटरच्या बाजूला, पत्र्यावर, एक टिकली लावली. वाकडी, पण लावली. आणि जाऊन आपल्या खाटेवर बसली.

जेवली नाही. संध्याकाळी मी सोनं द्यायला गेले तेव्हा तिने विचारलं, "तिला ठाऊक होतं?"

मी ताईला शब्द दिला होता. पण आईच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलता आलं नाही. "हो," मी म्हटलं.

"पहिल्याच दसऱ्याला?"

"हो."

"प्रदर्शन त्याच्यामुळेच गेलं?"

मी मान हलवली. आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "आणि मी दरवर्षी... ती स्वतः काढून द्यायची गं मला. स्वतःच्या हाताने." मग म्हणाली, "एकदा तरी भांडायचं माझ्याशी. मी एवढी वाईट होते का?" मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "वाईट नव्हतीस गं. तिला तुझी रेघ हवी होती, ती तिला मिळाली होती." तिला ते पटलं की नाही, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर खाट रिकामी. दार उघडं. आई चौकटीशी जमिनीवर बसली होती. कितीतरी वर्षांत तिने रांगोळीला हात लावला नव्हता, कुठून डबा शोधला देव जाणे. सगळीकडे पांढरं सांडलं होतं, लुगड्यावर, पायांवर. ठिपके असे पसरलेले की ओळ लागेना. त्या ठिपक्यांतून ती रेघ ओढत होती आणि हात चारी दिशांना जात होता. प्रत्येक ठिपक्यापाशी मात्र ती दम धरत होती, पूर्वीसारखीच.

माझी चाहूल लागली तशी वर न बघता म्हणाली, "कालचा तो माणूस परत येणारे ना?"

"कशाला गं?"

"त्याला विचार, ही रेघ त्या यंत्रात घालता येते का. ताईने घातली होती तशी. मी रोज काढीन म्हणावं, हवी तेवढी." मग पुढचा ठिपका ओलांडून म्हणाली, "आता थट्टा नाही म्हणणार म्हणावं."

त्या माणसाला ते जमणार नव्हतं. मी ज्या कुणाला विचारलं असतं त्या कुणालाच जमलं नसतं, एकटी ताई सोडून. आईची चिमूट रिकामी झाली होती आणि रांगोळीचा डबा तिच्या हाताला लागत नव्हता. मी तो तिच्या हातापाशी सरकवला आणि तिच्या शेजारी उंबऱ्यात बसले.